चित्रात बाईचा राग नेमका कुठे ठेवायचा?

कातळफूल (देवगड तालुका)

सर्वांना नमस्कार. मी देवगड तालुक्यातील एका गावात राहते. आर्ट टीचर डिप्लोमा केल्यानंतर एकोणीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली आणि त्याच्या जोडीने निसर्गचित्रे करत आले. माझी चित्रे मुख्यतः पर्यटक घेतात: वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, माडांच्या रांगा, विजयदुर्गाचा तट, श्रावणातला हिरवागार सडा, म्हणजे कातळाचे पठार. हात बरा आहे असे जाणकार सांगतात आणि मलाही या कामात समाधान होते. गेल्या दोन वर्षांपासून मात्र ते पुरेनासे झाले आहे, कारण मला जे रंगवायचे आहे ते हातातून उतरत नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. वडील गेले, त्यांचे दिवसकार्य आटोपले आणि तिसऱ्याच आठवड्यात भावांनी माझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले. आई शेजारी बसली होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती. वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होते; तरीही माहेर तुटेल या भीतीने मी सही केली, आणि बहुधा म्हणूनच हा राग इतका खोल गेला आहे. आज सातबाऱ्यावर भावांची नावे आहेत. बागेचा गडगा (दगडी कुंपण) तोच आहे, बेडेही (फाटक) तेच आहे, फक्त आत जाताना मला आता पाहुणी म्हणून विचारले जाते. आंब्याच्या ज्या कलमांना लहानपणी आईबरोबर मी कळशीने पाणी घातले, त्याच कलमांच्या दोन पेट्या दर मे महिन्यात भेट म्हणून माझ्या दारात येतात.

हा राग मला रंगवायचा आहे. आतापर्यंत तीन प्रयत्न केले. पहिल्यात तोंड उघडून ओरडणारी बाई काढली आणि पार्श्वभूमीला पॅलेट नाइफने, म्हणजे रंग थापायच्या पात्याने, लाल रंगाचे जाड थर दिले. पूर्ण झाल्यावर ते एखाद्या जनजागृतीच्या फलकासारखे दिसले. दुसऱ्यात काली रंगवली. शेजारच्या काकूंनी ती पाहताच हात जोडले आणि देवघरात लावायला मिळेल का, असे विचारले. तिसऱ्यात खवळलेला समुद्र काढला, तो आठवड्याभरात एका पर्यटकाने बैठकीच्या खोलीसाठी विकत नेला. त्या चित्राचे पैसे हातात घेताना मला जे वाटले ते मी इथे नीट लिहू शकत नाही.

माझा प्रश्न असा आहे. ज्या स्त्रियांनी आपला राग चित्रात उतरवला, त्यांनी तो चित्रात कुठे ठेवला? रंगात, चेहऱ्यात, विषयात, की हाताच्या गतीत? तंत्राच्या अंगाने कोणी मार्गदर्शन केले तर फार बरे होईल. "इतका नाजूक हात असताना हे कशाला?" असे माझ्या एका सहकारी शिक्षिकेने विचारले, तेव्हा मला उत्तर सुचले नव्हते.

---

चुनखडी (रत्नागिरी)

ताई, तुमचा प्रश्न वाचल्यावर मी दोन दिवस लिहायचे थांबले, कारण याच ठिकाणी मीही काही वर्षे अडून होते आणि घाईने काही सांगावेसे वाटेना.

तुमची चित्रे मी पाहिलेली नाहीत, पण वर्णनावरून असे वाटते की तिन्ही वेळा तुम्ही राग रंगवलात, रागाचे कारण रंगवले नाही. ओरडणाऱ्या बाईचा चेहरा, देवीचा चेहरा, समुद्राचा चेहरा. पाहणाऱ्याला राग दिसतो, पण तो कशाचा आणि कोणावरचा हे दिसत नाही. आणि ज्या रागाचे कारण दिसत नाही त्याला लोक स्वभाव म्हणून मोकळे होतात. बाईच्या बाबतीत तर फारच लवकर होतात. समुद्र खवळला याबद्दल कोणालाच जबाब द्यावा लागत नाही, म्हणून तो बैठकीच्या भिंतीवर सुखाने राहतो.

आता तुम्ही विचारलेल्या "कुठे ठेवला" याविषयी. या बाबतीत मी ज्या चित्रापाशी सर्वांत जास्त वेळ थांबले आहे, ते आर्तेमिसिया जेंतिलेस्की या इटालियन चित्रकर्तीचे. तिचा जन्म १५९३ साली रोममध्ये, वडील चित्रकार, त्यांच्याच कार्यशाळेत ती शिकली. १६११ मध्ये वडिलांचा सहकारी चित्रकार आगोस्तिनो तास्सी याने तिच्यावर बलात्कार केला आणि पुढच्या वर्षी खटला उभा राहिला. त्या खटल्यात साक्ष खरी आहे की नाही हे पडताळण्यासाठी तिच्याच बोटांभोवती दोऱ्या बांधून आवळण्यात आल्या. चित्रकर्तीच्या बोटांभोवती. तास्सी दोषी ठरला, पण त्याला झालेली शिक्षा नीट अमलात आलीच नाही.

तिने ज्युडिथ आणि होलोफर्नेस हा विषय मोठ्या आकारात दोनदा रंगवला. एक चित्र १६१२-१३ च्या सुमाराचे, ते नेपल्समध्ये आहे. दुसरे १६२० च्या सुमाराचे, ते फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहे. कथा जुनी आहे: शत्रूच्या सेनापतीच्या तंबूत शिरून एक विधवा त्याचा शिरच्छेद करते आणि आपले नगर वाचवते. हाच प्रसंग कारावाज्जो या इटालियन चित्रकाराने १५९९ च्या आसपास रंगवला होता. त्याच्या चित्रातली ज्युडिथ हात लांब करून तलवार चालवते खरी, पण शरीर मागे घेते, कपाळावर आठी, आणि म्हातारी दासी बाजूला कापड धरून नुसती उभी आहे. आर्तेमिसियाने काय केले ते पाहा. दासी तरुण केली आणि तिला कामाला लावले: ती सेनापतीला वरून दाबून धरते. ज्युडिथच्या बाह्या वर सरकवलेल्या आहेत, जशा आपण मासळी कापायला किंवा पीठ मळायला बसताना सारतो. एका मुठीत त्याचे केस, दुसऱ्या मुठीत तलवार, आणि दोन्ही हातांत ताकद लागते आहे हे कोपरापासून मनगटापर्यंत दिसते. चेहऱ्यावर आक्रोश नाही, कामात गढलेल्या बाईचे लक्ष आहे. तिथे राग चेहऱ्यात नसून हातांच्या कोनात आहे आणि दोन बायका मिळून एक जड काम उरकत आहेत, या रचनेत आहे.

हे चित्र म्हणजे निव्वळ त्या खटल्याचा सूड, असे पुष्कळ जण सांगतात. मला ते पूर्णपणे पटत नाही. ज्युडिथ हा त्या काळी मागणी असलेला विषय होता, आणि सोळाशे दहा सालच्या, म्हणजे त्या अत्याचाराच्या आधीच्या तिच्या "सुझाना"मध्येही दोन पुरुषांच्या नजरेपासून अंग चोरणारी, विटलेली मुलगी आहे. १६१६ मध्ये फ्लॉरेन्सच्या कला अकादमीत प्रवेश मिळवणारी ती पहिली स्त्री होती. ते केवळ दुःखाच्या बळावर होत नाही. तिचे हाल झाले नसते तरी ती मोठी चित्रकार झाली असती, आणि हे म्हणणे मला तिच्या बाजूचे वाटते. तुम्हालाही उद्या कोणी म्हणेल की ही बाई चित्रात भावांशी भांडते आहे. तेव्हा चित्र चित्र म्हणून पक्के असले पाहिजे.

दुसरे उदाहरण थोडक्यात. जर्मनीच्या केटे कोलवित्झ हिने शेतकऱ्यांच्या उठावावर सात मुद्राचित्रांची (ठशावरून छापलेल्या चित्रांची) मालिका केली. त्यातल्या १९०३ च्या एका चित्रात उठाव पेटवणारी बाई आपल्याकडे पाठ करून उभी आहे. चेहरा दिसतच नाही. उंचावलेले दोन हात, वाकलेली पाठ आणि पुढे धावत सुटलेला जमाव, एवढ्यावर सगळे चित्र उभे आहे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले की ती माझ्याच समोर उभी आहे आणि मीही तिच्यामागून धावायला हवे.

तुम्हाला एक अभ्यास सुचवते. चेहरा न काढता, फक्त कोळशाने, हक्कसोडपत्रावर सही करणारा हात काढा. एकदा नव्हे, वीसदा. शेजारी बसलेल्या आईचा मांडीवरचा हातही काढा.

---

पाटीपेन्सिल (कुडाळ)

बाई, मीही चित्रकलेचा निवृत्त शिक्षक आहे, म्हणून अधिकाराने नव्हे पण आपुलकीने लिहितो.

आपण कालीचे चित्र अपयशी मानले, याचे मला वाईट वाटले. आपल्याकडे स्त्रीच्या क्रोधाला रूप देण्याची परंपरा इतकी समृद्ध असताना इटली-जर्मनीपर्यंत जावे लागावे, हे मनाला रुचत नाही. महिषासुरमर्दिनीच्या जुन्या मूर्ती जवळून पाहिल्या आहेत का? त्यांतल्या पुष्कळ मूर्तींत देवीचा चेहरा शांत, जवळजवळ प्रसन्न असतो. सगळा आवेश खाली असतो: रेड्याच्या पाठीवर रोवलेले पाऊल, मुरगळलेली मान, शरीरात शिरलेला त्रिशूळ. वरच्या उत्तरात हातांच्या कोनाविषयी जे म्हटले आहे, ते आपल्या पाथरवटांना शेकडो वर्षांपूर्वी कळले होते, एवढेच माझे म्हणणे.

शिवाय पिंगुळी आमच्या इथून जवळ आहे. तिथल्या ठाकर मंडळींची चित्रकथी आपण जरूर पाहावी. रात्री देवळात एकेक चित्र पुढे करत, वीणा आणि हुडुका या छोट्या तालवाद्याच्या साथीने रामायण-महाभारतातील कथा सांगायची, ही ती कला. मोठाले डोळे, ठाम रेषा, थोडे रंग. एका चित्रात सगळे सांगण्याची घाई तिथे नसते. पुढचे पान यायचे असते. द्रौपदीचा राग एका चित्रात मावणार नाही. तो भर सभेत सुरू होतो आणि तिने मोकळे सोडलेले केस युद्ध संपेपर्यंत तो वागवतात. आपणही एकच कॅनव्हास धरून बसू नये. पाच-सात कागदांची मालिका करावी, असे सुचवतो.

---

कातळफूल

चुनखडी ताई, गुरुजी, दोघांचीही मी ऋणी आहे.

गुरुजी, देवीच्या चेहऱ्याविषयी आपण जे लिहिले ते इतकी वर्षे शिकवूनही माझ्या लक्षात आले नव्हते. मालिकेची सूचनाही मनापासून पटली. पण कालीबाबत माझी अडचण वेगळी आहे. देवीचा राग सर्वांना मान्य असतो, कारण तो आपल्यावर नसून असुरावर आहे असे प्रत्येक जण धरून चालतो. माझे भाऊही नवरात्रात देवीपुढे हात जोडतात आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नाही. मी काली रंगवली की माझा राग माझ्याकडून काढून घेतला जातो आणि देव्हाऱ्यात बसवला जातो. मला आठ हात नाहीत, गुरुजी. दोनच आहेत, आणि त्यांतल्याच एकाने मी सही केली.

ताई, हाताची रेखाटने सुरू केली आहेत. अकरा झाली. आईचा हात मात्र अजून काढता आलेला नाही.

---

पाटीपेन्सिल

बाई, आपले उत्तर दोनदा वाचले. आपण म्हणता ते बरोबर आहे. मी त्या अंगाने विचार केला नव्हता. आईचा हात राहू द्या, तो आपल्या वेळेने येईल.

---

सागरवेळ (मालवण)

आपले दुःख समजते, परंतु मला असे वाटते की चित्रकलेने मन शांत व्हावे. राग कागदावर उतरवून टाकावा, तो कागद नंतर फाडून टाकावा आणि पुन्हा आपल्या सुंदर निसर्गचित्रांकडे वळावे. माझ्या बहिणीला एका समुपदेशकाने असेच करायला सांगितले होते आणि तिला त्याचा उपयोग झाला.

---

आगोट (अलिबाग)

सागरवेळ यांच्या बहिणीला उपयोग झाला याचा आनंदच आहे, आणि त्या मार्गाला मी कमी लेखत नाही. पण तो प्रश्न वेगळा आहे. कातळफूल यांनी राग घालवायचा कसा, असे विचारलेलेच नाही. त्यांना तो दाखवायचा आहे. फाडून टाकलेला कागद दुसऱ्या कोणी पाहत नाही, आणि या प्रकरणात आजवर नेमके हेच तर झाले आहे की कोणी पाहिले नाही.

मी स्वतः चित्र काढत नाही. अनेक वर्षे मुंबईत प्रदर्शने पाहत आणि त्यांविषयी वाचत आले, तेवढ्या बळावर तीन चित्रकर्तींविषयी लिहिते.

नाजूक हाताविषयी तुमच्या सहकारी शिक्षिकेने जे विचारले, त्याला नीलिमा शेख यांचे काम हे माझ्या मते उत्तर आहे. १९८४ च्या सुमारास त्यांनी चंपा नावाच्या मुलीवर बारा चित्रांची मालिका केली. ही मुलगी त्यांच्या माहितीतली होती. लहान वयात तिचे लग्न झाले आणि सासरी तिला जाळून मारले गेले. त्या काळात वर्तमानपत्रांत हुंडाबळीच्या बातम्या रोज येत होत्या आणि त्याविरुद्ध मोर्चे निघत होते. अशा विषयावर कोणीही मोठ्या, धगधगत्या रंगांचा कॅनव्हास केला असता. शेख यांनी लघुचित्रांच्या परंपरेतला हातकागद आणि टेम्पेरा (पाण्यात कालवायचा, बिनतेलाचा रंग) घेतला, लहान आकार घेतला, कोवळे रंग घेतले. पाहणाऱ्याला जवळ जावे लागते, वाकून पाहावे लागते. आधी सायकल चालवणारी, झोके घेणारी चंपा दिसते. पुढे लग्न, सासर, स्वयंपाकघर. एकेका पानाने ते घर तिच्याभोवती आवळत जाते आणि तोवर आपला तिच्याशी इतका परिचय झालेला असतो की शेवटच्या पानांवरून नजर काढून घेता येत नाही. नाजूकपणा तिथे राग झाकत नाही. तो राग आपल्यापर्यंत आणून सोडतो. गुरुजींनी चित्रकथीविषयी "पुढचे पान यायचे असते" असे जे लिहिले, ते वाचताना मला हीच मालिका आठवली.

फ्रीडा काहलोचे नाव सर्वांना माहीत असते, पण तिचे १९३५ चे एक छोटे चित्र फारसे कोणी दाखवत नाही. एका माणसाने बाईला भोसकून मारले आणि न्यायाधीशापुढे म्हणाला की मी तिला फक्त थोडेसे टोचले. ही बातमी वाचून तिने ते रंगवले आणि त्याचेच शब्द चित्राला नाव म्हणून दिले. रक्ताचे डाग चित्रातून बाहेर येऊन चौकटीच्या लाकडावरही पडलेले आहेत. माझ्या मते या चित्रात राग त्या डागांइतकाच त्या नावात आहे. करणाऱ्याने जे शब्द वापरून स्वतःला सोडवून घेतले, तेच शब्द तिने चित्राखाली कायमचे लिहून ठेवले. ताई, सही घेताना तुम्हालाही काहीतरी म्हटले गेले असेलच. ते वाक्य आठवून पाहा.

पोर्तुगालमध्ये १९९८ साली गर्भपाताच्या कायद्यावर सार्वमत झाले आणि बदल नाकारला गेला. त्यानंतर पाउला रेगो हिने चोरून गर्भपात करून घ्यावा लागलेल्या मुलींची आणि बायकांची मोठी पेस्टल (रंगीत कांड्यांनी काढलेली) चित्रे केली. त्यांत रक्त नाही, डॉक्टर नाही, पुरुष नाही. एक खाट, एक बादली, आणि वेदनेतही सरळ आपल्याकडे पाहणारी मुलगी. २००७ मध्ये दुसरे सार्वमत झाले आणि कायदा बदलला. या चित्रांनी त्या चर्चेला बळ दिले असे मानले जाते.

आता एक व्यावहारिक गोष्ट. ही चित्रे गावात दाखवलीत तर ओळखणारे ओळखतील. त्याची तयारी आधी मनाशी करा, आणि आई हयात असेल तर तिला ती इतरांच्या आधी दाखवा. हक्कसोडपत्र दबावाखाली घेतले गेले असेल, तर त्याविषयी वकिलांचा सल्ला लवकर घ्यावा, कारण दाद मागण्याला मुदत असते. चित्र आणि दावा या दोन निराळ्या वाटा आहेत आणि एकीसाठी दुसरी सोडण्याचे कारण नाही.

---

खाडीकाठ (वेंगुर्ला)

ताई, मी वयाने तुमच्यापेक्षा बरीच लहान आहे आणि अजून शिकतेच आहे, पण तंत्राविषयी तुम्ही विचारले आणि त्यावर अजून कोणी फारसे लिहिले नाही, म्हणून लिहिते.

आपल्या किनारपट्टीवरच्या, गोव्यातल्या आणि खाली कारवारकडच्या जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवर कावीचे काम असते, ते तुम्ही पाहिले असेल. शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा गिलावा करायचा, त्यावर काव (लाल माती) मिसळलेला लाल थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार लोखंडी सळईने खरवडून आतला पांढरा रंग बाहेर काढायचा. रंग लावून नव्हे, रंग काढून चित्र होते. शिकताना माझ्या मनात पहिल्यांदा आले ते हेच की यात हाताला जोर करावा लागतो आणि तरीही रेघ थरथरून चालत नाही. ओरखडा आणि नक्षी यांत अंतर फार थोडे आहे. सड्यावरच्या कातळशिल्पांसारखेच हेही काम: एकदा कोरलेली रेघ मागे घेता येत नाही.

मी हे फळीवर करून पाहिले आहे. प्लायवूडवर जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) चार-पाच हात द्या, प्रत्येक हात सुकल्यावर घासून घ्या. गावातलीच काव कुटून, वस्त्रगाळ करून, ॲक्रिलिक माध्यमात कालवा आणि एक सलग थर द्या. उन्हाळ्यात हा थर पाहता पाहता सुकतो आणि खरवडताना पापुद्रे निघतात. पावसाळ्यात हवेत ओल असल्यामुळे अर्धवट ओला राहण्याचा काळ बराच लांबतो आणि हात निवांत चालतो. तुम्ही आजवर लाल रंग पॅलेट नाइफने थापलात. तोच नाइफ उलटा धरून लाल रंग काढत गेलात तर काय होते ते पाहावे. जांभ्याच्या चिऱ्याचा आणि तुमच्या गडग्याचा रंग तोच आहे, तो दुकानातल्या नळीत मिळत नाही.

आणि आणखी एक, लहान तोंडी मोठा घास होत असेल तर क्षमा करा. तुमच्या प्रश्नात मला सर्वांत जास्त लागले ते त्या दोन पेट्यांविषयीचे वाक्य. सही एकदाच झाली, पण पेट्या दर वर्षी येतात. चुनखडी ताईंनी रागाचे कारण रंगवा म्हटले आहे. ते तर दर मे महिन्यात तुमच्या पडवीत येऊन बसते. तुम्ही स्थिरचित्र वर्षानुवर्षे शिकवले असणार. आंब्याची पेटी काढा ना, ताई. बाईच नको चित्रात.

---

चुनखडी

खाडीकाठ यांनी सांगितले ते माझ्या वीस रेखाटनांपेक्षा मोलाचे आहे. एवढीच भर घालते की पेटी काढताना ती सुंदर काढा. तुमचा हात जितका गोड आहे तितका सगळा त्या आंब्यांवर खर्च करा, देठाजवळची लाली, सालीवरचे बारीक ठिपके, पेंढ्याची काडी न काडी. घाई आणि फटकारे इथे नकोत. मायेने रंगवलेली गोष्ट परकी झाली आहे, हे ती मायेने रंगवल्याशिवाय कळणार नाही.

---

कातळफूल

पाच आठवड्यांनी लिहिते आहे, त्याबद्दल क्षमस्व. मध्यंतरी वीज आणि नेटवर्क दोन्ही अनेक दिवस नव्हते.

गुरुजींच्या सांगण्यावरून मालिका करायची ठरवली आणि खाडीकाठने सांगितलेल्या पद्धतीने सहा फळ्या तयार केल्या. काव आमच्याच परड्यातली, घरामागच्या जागेतली, घेतली. पहिल्या दोन फळ्या बिघडल्या, थर जाड झाला होता. तिसरीवर गडगा आणि बेडे आले. बेडे बंद आहे आणि आपण बाहेर उभे आहोत, एवढेच त्यात आहे. चौथीवर सही करणारा हात. तो एकविसाव्या रेखाटनावरून घेतला. पाचवीवर आईचा हात आहे. तो काढायला तिच्याचजवळ जाऊन बसले. कशासाठी काढतेस असे तिने विचारले, मी खरे ते सांगितले, आणि तिने हात तसाच मांडीवर ठेवला. पाऊण तास ती काही बोलली नाही आणि तिने हात हलवलाही नाही.

आगोट ताई, तुम्ही म्हणालात ते वाक्य आठवायला फार वेळ लागला नाही. "तुला काय कमी आहे?" असे तेव्हा मला विचारले गेले होते. मालिकेचे नाव तेच ठेवते आहे. वकिलांकडे पुढच्या आठवड्यात जाणार आहे.

सहाव्या फळीवर पेटी आहे. ही एकच फळी मी पूर्ण रंगात केली: काव फक्त पार्श्वभूमीला, आणि पेटी, पेंढा, आंबे सगळे बारीक ब्रशने, चुनखडी ताईंनी सांगितले तसे. सतरा दिवस लागले. इतक्या संतापाने इतके हळू काम मी आयुष्यात कधी केले नव्हते. रात्री हात दुखायचे, पण रेघ हलली नाही. काल शेजारच्या काकू आल्या होत्या. चित्राकडे बराच वेळ पाहत राहिल्या, मग म्हणाल्या की त्यांच्याकडे माहेराहून नारळ येतात, दर वर्षी पंचवीस.

आता दोन अडचणी आहेत. एक, इतक्या ओल्या हवेत वॉर्निश कधी द्यावे? दुसरी, पेटीच्या फळीवर बागायतदाराचे नाव असते. आमच्या पेट्यांवर अजूनही वडिलांचेच नाव घालतात. त्या जागी चित्रात काय लिहावे, हे मला ठरवता येत नाही.

---

खाडीकाठ

ताई, वॉर्निशची घाई अजिबात करू नका. वरून सुकल्यासारखे वाटले तरी आत ओल राहते, आणि वरून वॉर्निश बसले की ती अडकून पांढुरका धूसर थर येतो. दसऱ्यानंतर ऊन तापू लागले की फळ्या दोन-तीन आठवडे सावलीत, वारा लागेल अशा उभ्या ठेवा आणि मगच पातळ हात द्या. तोवर त्या भिंतीला टेकवून ठेवू नका, मागून बुरशी धरते. फळ्यांच्या मागच्या बाजूलाही जेसोचा एक हात दिला नसेल तर आताच द्या, नाहीतर प्लायवूड वाकेल.

नावाच्या जागेविषयी मी काही सांगणार नाही. पण ती जागा रंगवून झाली नसेल, तर तिथे खाली काव आहे आणि त्याखाली पांढरे आहे, एवढे लक्षात असू द्या. फळ्या वाळल्या की कळवा, मी वेंगुर्ल्याहून सकाळच्या एसटीने येते.